आत्याचं आडनाव

आमच्या कागद गिरणीत बत्तीस डब्या आहेत आणि त्या बत्तीसही डब्यांना मी स्वतः नावं दिली आहेत. हे वाक्य मी कुठल्याही गप्पांत पहिल्या पाच मिनिटांच्या आत आणतो, असा माझ्या बायकोचा आरोप आहे. आरोप साफ खोटा आहे. मला दोन मिनिटं पुरतात.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढा एक चौकोनी ठोकळा. तो मोटरीच्या, पंपाच्या, एखाद्या झडपेच्या पाठीवर चिकटवायचा. मोटर किती तापली आहे हे तो दर मिनिटाला, तारेबिरेच्या भानगडीत न पडता, हवेतून कळवतो. भिंतीवरची एक पेटी ते ऐकते आणि कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर आकडा उमटतो. आकडा हिरवा असला की सगळ्यांनी चहा प्यायचा, लाल झाला की धावायचं. मी देखभाल खात्याचा सुपरवायझर असल्यामुळे धावण्याचा मान माझ्याकडे आहे.

डब्या येण्यापूर्वी आमच्याकडे वही होती. दिवसातून तीनदा एक माणूस थर्मामीटर घेऊन सगळ्या मोटरींना भेटून यायचा आणि वहीत आकडे लिहायचा. वहीतलं अक्षर फार सुंदर होतं. तिच्यात अकरा वर्षं सगळ्या मोटरींचं तापमान बेचाळीस होतं. त्यातली एक मोटर चार महिने दुरुस्तीला बाहेरगावी गेली होती, तेव्हाही ती तिकडून बेचाळीसच होती. शेवटी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, डब्या मागवल्या.

पुरवठादाराच्या इंजिनियरने दोन दिवसांत त्या चिकटवल्या, माझा हात हातात घेतला, “आता तुम्ही निर्धास्त,” म्हणाला आणि गेला. हे वाक्य यापूर्वी मला फक्त दाताच्या डॉक्टरने ऐकवलं होतं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

अडचण पत्त्याची होती. प्रत्येक डबीच्या पाठीवर तिचा पत्ता छापलेला. पत्ता म्हणजे सोळा अक्षरं आणि आकडे, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. स्क्रीनसमोर बसणारा आमचा ऑपरेटर, ज्याला सगळे स्क्रीनवाला म्हणतात, तो फोनवरून पत्ता सांगणार आणि यंत्रांच्या धडधडाटात फिटरमामा तो ऐकणार.

“शेवटचं अक्षर डी!”

“टी?”

“डी! डी! डबीतला डी!”

“टबीतला टी, बरोबर. निघालो.”

फिटरमामांनी त्या दिवशी एक संपूर्ण निरोगी पंप खोलला, आतून पुसला, पुन्हा बसवला आणि त्याच्या शेजारचा आजारी पंप हे सगळं ओरडत बघत राहिला. फिटरमामा गिरणीतले सगळ्यात जुने फिटर. त्यांच्या कामावर बोट ठेवायची कुणाची छाती नाही. ते पाना टेबलावर आपटून म्हणाले, “साहेब, मला असलं बाराखडीचं पुस्तक वाचून दाखवू नका. मला नाव सांगा. नाव सांगितलं की मी पाताळातनं पंप शोधून काढतो.”

मी त्या रात्री झोपलो आणि सकाळी उठलो तो एक योजना घेऊनच. आता मी जे सांगणार आहे ते जरा सावकाश वाचा, कारण माझ्या आयुष्यातली ही एकमेव मौलिक कल्पना आहे.

बत्तीस नावं अशी हवीत की नाव ऐकताच डबी कुठल्या विभागात आहे, लहान आहे की मोठी, कुणाशी जोडलेली आहे, हे सगळं कळलं पाहिजे. अशी नावं जगात कुठे आहेत? आपल्या घरात आहेत! काका म्हटलं की वडिलांकडचे. मामा म्हटलं की आईकडचे. थोरले, मधले, धाकटे यांवरून क्रम. काकू म्हटलं की काकांच्या शेजारीच असणार. एका शब्दात अख्खा पत्ता! ओल्या कागदातलं पाणी काढणारा आमचा वाळवण विभाग मी वडिलांकडे दिला. लगदा विभाग आईकडे दिला, आई स्वभावाने मऊच होती. बॉयलर सासरकडे दिला, कारण तिथे सगळेच जरा जपून बोलतात. मोटर काका तर तिने फिरवलेला पंप काकू. मामा-मामी तसंच. आणि वाळवण विभागात कुंपणाच्या भिंतीला लागून असलेला, गरम वाफ बाहेर ओढणारा सगळ्यात मोठा पंखा, जो अठरा वर्षांत एकदाही रुसला नव्हता, त्याच्या मोटरीचं नाव मी प्रेमाने ठेवलं आत्या.

कारण माझी खरी आत्या तशीच आहे. वय एक्क्याऐंशी. मला तिनेच वाढवलं आणि ती आमच्याकडेच असते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने एकतीस वर्षं कानाला पट्टा लावून लोकांचे फोन जोडून दिले. त्यामुळे अजूनही घरात कुणी अर्धवट बोललं की ती “पुढे बोला” म्हणते. मला ती त्रेपन्नाव्या वर्षीही बाळ्या म्हणते, आणि गिरणीतल्या लोकांचा फोन घरी आला तर त्यांच्यासमोरही म्हणते.

ही नावांची गोष्ट मी घरी मात्र सांगितली नव्हती. बॉयलरच्या सुरक्षा झडपेचं नाव सासूबाई आहे हे बायकोला कसं सांगणार? एकदा एक नाव सांगितलं की सगळी यादी बाहेर पडली असती. म्हणून मी “डब्यांना नंबर दिलेत,” एवढंच म्हणत राहिलो.

सल्ला मात्र घेतला, समोरच्या दारातल्या निवृत्त पोस्टमास्तरांचा. पत्त्यांच्या बाबतीत त्यांच्याइतका अनुभव कुणाला असणार? त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “नाव लहान ठेवा. आडनाव, बिडनाव, काही नको. लांबलचक पत्ता बघितला की पोस्टमनचा पहिला राग पाकिटावर निघतो.” इंजिनियरच्या पुस्तकात एके ठिकाणी ‘प्रत्येक कारखान्याने आपल्या सगळ्या डब्यांना मिळून एक वेगळा जाळे-क्रमांक द्यावा’ असं लिहिलं होतं खरं. पण डब्यांसोबत आलेला क्रमांक चालतोय तर कशाला हात लावा, असा विचार करून मी ते पान उलटलं. पोस्टमास्तर पडले अनुभवी माणूस.

मग कचेरी. भांडारप्रमुखांनी यादी परत पाठवली. शेरा होता: ‘रजिस्टरात वस्तूंची नोंद होते, नातेवाइकांची नव्हे.’ मी लिहिलं की ही वस्तूंचीच नावं आहेत. उत्तर आलं की मग काका हे नाव दोन ठिकाणी कसं? आता हा घोळ माझा नव्हता, भाषेचा होता. लगदा विभागात मावशी आहे. मावशीच्या शेजारचा पंप म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना आपण घरात काय म्हणतो? काकाच म्हणतो! पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवाल्याने “काका तापलेत,” म्हणून सांगितलं आणि फिटरमामा वडिलांकडे धावले, तापलेले होते मावशीचे. त्यावर तीन बैठका झाल्या. एका बैठकीत मोठे साहेब स्वतः म्हणाले की त्यांच्या घरी मावसोबा म्हणतात, आणि लेखनिकबाई म्हणाल्या की आमच्याकडे असं म्हटलं तर माणूस जेवणावरून उठून जाईल. शेवटी रजिस्टरात नोंद झाली: ‘काका, मावशीवाले’. ती नोंद आजही आहे. मी अधूनमधून जाऊन बघतो.

पण डब्यांमध्ये पत्त्यांच्या जागी ही नावं भरल्यावर तीन आठवड्यांत काय बदल झाला म्हणून सांगू! “धाकट्या काकू कुरकुरताहेत, तेल द्या.” “मामा गार झाले, मामींना चालू करा.” कुणी चुकलं नाही, कुणी धडपडलं नाही. एकदा फक्त “मामा बसले, उठत नाहीत,” असं ओरडत कुणीतरी गेलं आणि खऱ्या फिटरमामांना डबा खाता खाता चौघांनी उचललं. एवढं चालायचंच. इंजिनियर बघायला आला तेव्हा त्याच्या तोंडून “वा!” निघालं. मी यादीची एक प्रत त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, “घेऊन जा. दुसरीकडेही वापरा. माझं नाव नाही सांगितलंत तरी चालेल.” सांगितलं असतं तर जास्त चाललं असतं, पण ते असो.

आणि मग आत्या बिघडली.

आमचा अठरा वर्षांचा न रुसलेला पंखा! एका मिनिटाला स्क्रीनवर एक्केचाळीस, पुढच्या मिनिटाला ब्याऐंशी, मग पुन्हा एक्केचाळीस, मग पंच्याऐंशी. लाल, हिरवा, लाल, हिरवा. फिटरमामांनी जाऊन मोटरीवर हात ठेवला. “साहेब, थंडगार आहे. आत्या उगाच बोंबलतेय.” पुन्हा गेले, पुन्हा थंडगार. अशा डबीला जाळ्यातून काढून ठेवावं लागतं. त्याला आम्ही वेगळं काढणं म्हणतो, आणि पुन्हा जोडलं की घरात घेणं.

खरं तर आधी कारण शोधायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुख्य कचेरीतून पाहणीसाठी साहेब येणार होते. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “उद्या स्क्रीनवर एक लाल ठिपका दिसला तर डब्या जातील, वही परत येईल. आणि तुमचं ते गोतावळ्याचं प्रकरणही जाईल.” बत्तीस नावं डोळ्यांसमोरून गेली. मी वेगळं काढण्याचा अर्ज घेतला, तो तीन प्रतींत लागतो म्हणून संध्याकाळी घरी आणला, आणि जेवणाच्या टेबलावर बसून सुवाच्य अक्षरात भरला. ‘नाव: आत्या. वय: अठरा वर्षे. वेगळे काढण्याचे कारण: वारंवार खोटी तक्रार. पर्यायी व्यवस्था: गरज नाही. वेगळे काढून कोठे ठेवणार: टेबलाच्या खणात.’ खाली सही ठोकली. हे ‘खोटी’ लिहिताना पेन किंचित अडखळलं होतं, पण मी ते शाईवर ढकललं.

सकाळी मी अंघोळीला असताना फोन वाजला. आत्याने घेतला. पलीकडे स्क्रीनवाला होता आणि त्याला वाटलं की फोन माझ्या बायकोने घेतलाय. त्याचं बोलणं आत्याने नंतर मला शब्दशः ऐकवलं. एकतीस वर्षांची सवय, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही.

“बाई, साहेबांना सांगा, आत्या आज फारच तापलीय. सारखी तक्रार चाललीय. पाहुणे यायच्या आत तिला वेगळं काढतो म्हणाले होते, तर जरा लवकर या म्हणावं. ती गप्प बसली की आम्हीही सुटलो.”

आत्या म्हणाली, “पुढे बोला.”

“पुढे काही नाही. अर्ज साहेबांनी कालच भरलाय.”

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा आत्या टेबलाशी उभी होती. डोळ्यांवर चष्मा, हातात तिसरी प्रत.

“वय अठरा लिहिलंस,” ती म्हणाली. “तेवढं एक बरं केलंस.”

मी घाईघाईने सगळं सांगितलं. मोटर, डबी, पंखा. ते सांगताना काका, मामा आणि शेवटी सुरक्षा झडपही बाहेर पडली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “म्हणजे माझी आई बॉयलरवर?” आणि मग ती दिवसभर माझ्याशी एकाक्षरी बोलत राहिली. आत्याचा राग मात्र वेगळाच होता.

“मोटर तर मोटर. नाव माझं दिलंस ना? का दिलंस?”

“तू भरवशाची आहेस म्हणून.”

“आणि त्या भरवशाच्या बाईने एकदा तक्रार केली तर खोटी? कुणी बघितलं?”

“फिटरमामांनी हात लावून बघितलं.”

“तू बघितलंस?”

मी टॉवेल सावरला.

“बाळ्या,” ती म्हणाली, “पर्यायी व्यवस्था, गरज नाही. एवढंच मला लागलं. बाकी काही नाही.” आणि तिने कपाटावरची बॅग काढली. संध्याकाळी सहाच्या बसने ती माझ्या धाकट्या भावाकडे जाणार होती. तिथे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, लोक निदान अर्ज न भरता बोलतात. मी तिच्या पाठीमागे उभा राहून समजूत घालत होतो आणि ती साड्यांच्या घड्या घालत होती. मला रडू येईल असं वाटलं. पण पावणेदहा वाजले होते.

गिरणीत गेलो, मोटरीवरून डबी काढली, तिची बॅटरी काढली, खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. पाहुणे साहेब बरोबर अकराला आले. उंच, शांत, प्रश्न कमी विचारणारे. अशी माणसं मला घाबरवतात. मोठे साहेब त्यांना स्क्रीनसमोर घेऊन आले. चहा आला. एकतीस हिरवे ठिपके लुकलुकत होते. मी छाती पुढे काढून नावांची पद्धत सांगायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांच्या आतच स्क्रीनवाल्याने माझी बाही ओढली.

बत्तिसावा ठिपका उगवला होता. लाल. ‘आत्या, ९४.’

“ही कोण?” पाहुण्यांनी विचारलं.

“ती वेगळी काढलीय, साहेब,” मी म्हटलं.

“पण बोलतेय.”

मी खण उघडला. डबी होती. बॅटरी बाजूला होती. मी डबी कानाला लावली. का लावली ते विचारू नका, माणूस अशा वेळी काहीही करतो. स्क्रीनवर पंच्याण्णव झालं. फिटरमामा नुसत्या मोटरीवर हात ठेवून आले आणि दारातूनच मान हलवली. थंड. स्क्रीनवाला हळूच म्हणाला, “साहेब, आपण तिला दुखावलंय.” मोठ्या साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तीत वहीची पानं फडफडत होती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आत्या होती. “माझी छत्री कुठे ठेवलीय हे विचारायचं होतं,” ती म्हणाली. मग तिला राहवेना. “काय, काढलंस का मला वेगळं?”

“काढलं.”

“मग झाली गप्प?”

“नाही गं आत्या. खणात ठेवलीय, बॅटरी काढलीय, तरी बोलतेय. पंच्याण्णव म्हणतेय.”

पलीकडे तिचा आवाज बदलला. तो मी लहानपणी एक्स्चेंजच्या बाकावर बसून ऐकलेला आवाज होता.

“ओळीवर एकाच नावाचे दोन लोक आहेत,” ती म्हणाली. “तुझी गप्प बसलीय. बोलतेय ती दुसरी. आत्या काय एकट्या तुझ्याच घरात असते? प्रत्येक घरात असते. आडनाव काय लावलंयस तिला?”

मी खणातल्या डबीकडे बघितलं.

“लावलंच नाहीस? मग तुला कळणार कसं कुणाची आत्या बोलतेय ते? शेजारी कोण राहतं तुझ्या?”

शेजारी म्हणजे कुंपणाच्या भिंतीपलीकडे. पलीकडे पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना आहे. आणि त्यांच्याकडेही गेल्या महिन्यात डब्या बसल्या होत्या. त्याच पुरवठादाराच्या. त्याच इंजिनियरने बसवलेल्या. माझ्या यादीवरून! जाळे-क्रमांकसुद्धा त्याने तोच ठेवला असणार, मीही तोच ठेवला होता. म्हणजे त्यांची आत्या भिंतीपलीकडून आमच्या पेटीला सांगत होती की मी जळतेय, आणि मी तिला खोटी म्हणून तीन प्रतींत सही केली होती.

मी फोन तसाच टाकला आणि धावलो. माझ्यामागे फिटरमामा, त्यांच्यामागे मोठे साहेब, आणि सगळ्यांत मागे हातात चहाचा कप धरलेले पाहुणे साहेब. शेजारच्या फाटकावर पहारेकऱ्याने माझ्यापुढे रजिस्टर ठेवलं.

“कुणाला भेटायचंय?”

“तुमच्याकडे आत्या आहे का?”

“कुणाची?”

“कुणाची नाही, तुमची! फार तापलीय ती!”

“मग दवाखान्यात न्या,” पहारेकरी म्हणाला. “इथे भेटीचं कारण लिहा.”

आणि मी लिहायला लागलो. खरंच लिहायला लागलो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीने हाताला जी वळणं लागतात ती अशा वेळी सुटत नाहीत. ‘भेटीचे कारण’ या रकान्यात मी ‘तातडीचे’ एवढं लिहून पुढचा शब्द शोधत होतो, तेवढ्यात फिटरमामा गायब झाल्याचं लक्षात आलं. ते आमच्या बाजूला परत गेले होते, भिंतीला शिडी लावून वर चढले होते, आणि ज्या आवाजाने त्यांनी आयुष्यभर यंत्रांवर मात केली त्या आवाजात पलीकडे ओरडत होते, “भिंतीजवळची मोटर बंद करा! डिंक ढवळायची! आधी बंद करा, मग विचारा!”

तिथे बारा बायका खोकी चिकटवत बसल्या होत्या, मोटरीपासून दोन हातांवर, आजूबाजूला पुठ्ठ्याचा ढीग आणि सगळीकडे कागदाची पूड. एकीने कुठलाही प्रश्न न विचारता उठून बटण दाबलं. आम्ही आत पोचलो तेव्हा मोटरीच्या झाकणावरचा रंग काळा पडून फुगला होता आणि जळका वास येत होता. त्यांच्या वायरमनने झाकणावर थेंबभर पाणी टाकलं, ते चर्रकन उडून गेलं. बारा बायका हातात खोकी धरून त्या मोटरीकडे बघत उभ्या होत्या.

त्यांचा स्क्रीन बघितला. त्यावर हिरव्या रंगात शांतपणे लिहिलं होतं: ‘आत्या, ४१’. ती आमची होती. त्यांची पेटी पुठ्ठ्याच्या ढिगाआड, तिला स्वतःची आत्या ऐकूच जात नव्हती, भिंतीवरून आमचीच तेवढी ऐकू जायची. मी तिची बॅटरी काढली त्या क्षणापासून ती तिथे एक्केचाळीसवरच थांबली होती. म्हणजे त्यांची आमच्याकडे ओरडत होती आणि आमची त्यांच्याकडे सगळं ठीक म्हणून सांगत होती.

इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, यादी इतकी सुंदर होती की जशीच्या तशी टाकली. तुमचं नाव मात्र सांगितलं नाही.”

पाहुणे साहेबांनी कप पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवला. चहा केव्हाच गार झाला होता. “डब्या राहतील,” ते म्हणाले. “नावंही राहू द्या. पण दोन्ही कारखान्यांना वेगवेगळी आडनावं लावा. आणि हे शोधून कुणी काढलं?”

त्या वेळी मी काय म्हणू शकलो असतो, हे तुम्हाला कळतंय ना? यादी माझी, पद्धत माझी, धावलोही पहिला मीच. पण मी म्हटलं, “माझ्या आत्याने.” आणि सांगतो, हे म्हणताना माझी छाती जी फुगली ती बत्तीस नावांच्या वेळीही फुगली नव्हती.

आम्ही दुपारभर बसून क्रमांक बदलले. त्याला आता गिरणीत सगळे आडनावच म्हणतात. साडेपाचला मी घरी पोचलो. आत्या चपला घालून दाराशी खुर्चीवर बसली होती, बॅग मांडीवर. बायको शेजारी उभी. तिला स्क्रीनवाल्याने फोनवरून सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती आता दोन अक्षरी बोलत होती.

“झालं का?” आत्याने विचारलं.

“झालं. बारा जणी होत्या तिथे, आत्या.”

तिने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. “म्हणजे तक्रार खरी होती.”

“खरी होती.”

“मग तसं लिही. खोटी लिहिताना तीन प्रती काढल्यास, आता खरी नुसती तोंडी सांगतोस?”

मी माझ्या बॅगेतून दुसरा अर्ज काढला. मी तो आणलाच होता. ‘यंत्र पुन्हा घरात घेण्याचा अर्ज.’ टेबलावर बसलो. आत्या पाठीमागे उभी राहून सांगत होती आणि मी लिहीत होतो. ‘नाव: आत्या. घरात घेण्याचे कारण: तक्रार खरी होती, ऐकणाऱ्याची चूक. पर्यायी व्यवस्था: नाही, आणि नकोही.’ ते शेवटचे दोन शब्द तिने सांगितले नव्हते. ते मी माझे घातले. तिने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या शेजारी, तिन्ही प्रतींवर, एक्स्चेंजमधली ती ठसठशीत सही केली. सहाची बस आमच्या खिडकीखालून वेळेवर गेली. आत्या तेव्हा चपला काढत होती.

अर्ज रीतसर मुख्य कचेरीत गेला. दोन महिन्यांनी हरकत आली: ‘अर्जावर सुपरवायझर यांच्या सहीशेजारी आणखी एक सही आढळते. सदर व्यक्तीचे पदनाम कळवावे.’

मी कोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, एकच शब्द लिहून पाठवला: आत्या. खाली आडनाव लावलं.